पडताना डोकं उचलणारी तबकडी

बदनापूरच्या बाजारात संगणक दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. लग्नसराई उतरली की तिथं हार्ड डिस्क घेऊन येणाऱ्यांची वर्दळ वाढते. कुणाच्या डिस्कमध्ये सोमठाण्याच्या गडावरचं जावळ असतं, कुणाच्या डिस्कमध्ये हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं शूटिंग. तक्रार बहुतेकांची एकच, "टेबलावरून पडली, आता नुसती टिकटिक करते."

मीही एकदा तीच तक्रार घेऊन गेलो. माझ्या जुन्या लॅपटॉपची अडीच इंची डिस्क होती. डेटा आता परत येत नाही हे कळल्यावर दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, उघडूनच दाखवा." त्यानं चांदणीसारख्या टोकाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. सगळे स्क्रू निघाले तरी झाकण हलेना. शेवटचा स्क्रू लेबलखाली दडलेला होता, तो त्यानं अंगठ्यानं चाचपून शोधला.

झाकण निघालं आणि आत माझाच चेहरा दिसला. तबकडी इतकी गुळगुळीत होती. तिच्यावर आडवा आलेला एक निमुळता हात, त्याच्या टोकाला तिळापेक्षा लहान, वाचणारं-लिहिणारं हेड. कडेपासून थोडं आत, नखानं ओढावं तसं एक करडं वर्तुळ उमटलेलं. माझे सहा वर्षांचे फोटो त्या वर्तुळात गेले होते. तबकडीच्या कडेलाच प्लास्टिकचा एक छोटा उतार होता. हेडनं वेळेत तिथं चढून बसायचं असतं. लहान हार्ड डिस्कची सगळी विद्या त्या उतारापाशी एकवटली आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

खोलीभर यंत्रापासून मुठीपर्यंत

पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ साली अमेरिकेत सॅन होजे इथं घडवली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, सुमारे एक टन वजन आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटो त्यात जेमतेम मावला असता. १९७३ मध्ये आयबीएमच्याच 'विंचेस्टर' रचनेनं हेड आणि तबकड्या एकाच बंद पेटीत घातल्या. धुळीला आत येऊ द्यायचं नाही हा नियम तिथून पक्का झाला.

मग आकार पायरीपायरीनं उतरत गेला. १९८० मध्ये सीगेटची सव्वापाच इंची डिस्क आली, १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइमची साडेतीन इंची आणि १९८८ मध्ये प्रेअरीटेकची अडीच इंची. १९९२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डनं 'किटीहॉक' ही १.३ इंची डिस्क आणली. तिची जुळणी घड्याळं बनवणाऱ्या सिटिझन कंपनीकडे होती. साठवण फक्त २० मेगाबाइट, पण तीन फुटांवरून पडली तरी टिकेल अशी तिची बांधणी होती. बाजारात ती चालली नाही आणि १९९४ मध्ये बंद झाली. पडण्याचा विचार आधी आणि साठवणीचा नंतर, हा तिचा क्रम मात्र पुढच्यांच्या कामाला आला.

लहान केल्यानं काय साधतं

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. इथल्या कृषी संशोधन केंद्रानं दिलेलं बीडीएन-७११ हे पांढऱ्या तुरीचं वाण दीडशे ते एकशे साठ दिवसांत काढणीला येतं. जास्त दिवस शेतात उभी राहणारी तूर पाऊस सरल्यावर, जमिनीतली ओल तुटताना शेंगा भरायला बसते आणि मार खाते. दिवस कमी केले की ते संकटच टळतं. डिस्कचा व्यास कमी करण्यामागेही असंच गणित आहे.

फिरणारी तबकडी हवेला कापत असते. फेरे तेवढेच ठेवून व्यास अर्धा केला, तर हवेच्या घर्षणात जाणारी शक्ती विसाव्या हिश्शाच्याही खाली येते. म्हणून लहान डिस्क यूएसबीच्या वायरीतून येणाऱ्या विजेवर चालते. लहान तबकडी ताठ राहते, कडेला कमी फडफडते. हात आखूड झाला की तो हलका होतो, चटकन हलतो आणि धक्का बसला तरी कमी वाकतो. अडीच इंची डिस्कमध्ये तर अनेकदा अॅल्युमिनियमऐवजी काचेची तबकडी असते, कारण काच जास्त ताठ आणि जास्त सपाट राहते. मोटरच्या दांड्याला छऱ्यांऐवजी तेलाच्या पातळ थराचं बेअरिंग आलं. त्यानं आवाज कमी झाला आणि थरथरही.

हे सगळं कशासाठी, ते अंतर पाहिलं की कळतं. आपल्या भागातल्या कापसाचा एक तंतू साधारण पंधरा ते वीस मायक्रॉन जाड असतो. चालू डिस्कमध्ये हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर त्या जाडीचा काही हजारावा भाग भरतं. हेड हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. झाकणावर एक बारीक भोक असतं आणि शेजारी 'हे बुजवू नका' अशी सूचना. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. त्याच्यामागे गाळणी असते. जालन्याकडचा रस्ता आणि उन्हाळ्यातली धूळ ज्यानं पाहिली, त्याला त्या गाळणीबद्दल आदर वाटेल.

लाईट गेली तर

हेड फिरत्या तबकडीवर टेकलं की ओरखड्याची भीती. म्हणून काम नसताना हात उतारावर चढून हेड बाजूला ठेवतो. पण मध्येच लाईट गेली तर हाताला ढकलायला वीज कुठून आणायची? ही युक्ती मला सगळ्यांत सुंदर वाटते. वीज तुटली तरी तबकडी लगेच थांबत नाही, वेगात फिरत राहते. त्या क्षणी तिची मोटर जनित्र बनते आणि उरलेल्या फेऱ्यांतून तयार होणाऱ्या विजेवर हात उतारापर्यंत नेला जातो. भारनियमनाच्या काळात आपल्याकडच्या कितीतरी डिस्क या एका सोयीवर वाचल्या असतील.

पडण्याचंही तसंच. पडती वस्तू वजनहीन होते. २००३ पासून काही लॅपटॉपमध्ये हालचाल ओळखणारा संवेदक आला. त्या वजनहीनतेवरून तो पडण्याची चाहूल घेतो आणि हेडला बाजूला व्हायला सांगतो. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून फरशीपर्यंत यायला सेकंदाचे चार दशांशही लागत नाहीत. जे करायचं ते तेवढ्यात. माझ्या लॅपटॉपमध्ये तो संवेदक नव्हता.

सायकलच्या वेगानं वाचायचं

लहान होण्याची एक किंमतही होती. टेबलावरच्या संगणकातली साडेतीन इंची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते तेव्हा तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावते. आयबीएमची एक इंची 'मायक्रोड्राइव्ह' ३६०० फेऱ्यांनी फिरायची, तेव्हा कडेचा वेग सायकलएवढा, ताशी सतरा किलोमीटर. जुनी हेड तारेच्या वेटोळ्याची होती. तबकडीवरची चुंबकीय खूण जितकी वेगानं समोरून जाईल तितका संदेश मोठा. वेग उतरला की संदेश पुसट व्हायचा.

नव्वदच्या दशकात वेगळ्या जातीची हेड आली. चुंबकीय क्षेत्र बदललं की त्यांचा विद्युत रोध बदलतो, वेगाशी त्याचा संबंध नाही. १९८८ मध्ये अल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अतिपातळ थरांत हा बदल फार मोठा होतो हे दाखवलं. आयबीएमनं १९९७ मध्ये त्यावरची हेड डिस्कमध्ये आणली, आणि दोघांना २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तबकडी संथ फिरली तरी आता तिचं बारीक अक्षर वाचता येऊ लागलं.

पुढची अडचण दाटीची होती. खुणा फार लहान केल्या तर नुसत्या उष्णतेनं त्या उलटू लागतात. जपानचे शुन-इची इवासाकी सत्तरच्या दशकापासून सांगत होते की खुणा आडव्या न ठेवता उभ्या करा. कडब्याच्या पेंढ्या रानात आडव्या पसरल्या तर जागा खातात, उभ्या करून बुचाड लावलं की थोड्या जागेत मावतात, तसंच हे. २००५ मध्ये तोशिबानं ही रीत पहिल्यांदा बाजारात आणली ती १.८ इंची डिस्कमध्ये. मोठ्यांच्या आधी लहानीनं हा मान मिळवला.

लहानीचा वारसा

मायक्रोड्राइव्ह १९९९ मध्ये विक्रीला आली, १७० आणि ३४० मेगाबाइटची. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये तोशिबाची १.८ इंची, ५ गिगाबाइटची डिस्क होती. तोशिबानं पुढे ०.८५ इंचापर्यंत मजल मारली. पण २००५ च्या आयपॉड नॅनोत फिरतं काहीच नव्हतं, फ्लॅश चिप होती. जिला हलणारा भागच नाही, तिच्यापुढे एवढ्या लहान तबकडीचा टिकाव लागला नाही. एक इंची डिस्क गेली, १.८ इंचीही गेली.

विद्या मात्र मोठ्या डिस्कमध्ये राहिली. आपण मोबाइलवरून 'क्लाउड'वर टाकतो त्यातलं बरंच काही आजही मोठ्या केंद्रांतल्या साडेतीन इंची डिस्कवर बसतं. त्यांत उभ्या खुणा आहेत, उतार आहे, तेलाचं बेअरिंग आहे. लग्नाचं शूटिंग ज्या पेटीतून घरी येतं, तिच्यातही हेच आहे.

दुकानदारानं झाकण लावून डिस्क परत दिली. ती मी टाकली नाही. फोटोंच्या आता दोन प्रती ठेवतो, दोन वेगळ्या घरांत. हेडला उतारावर नेण्यासाठी अभियंत्यांनी अर्ध्या सेकंदाच्या आतलं एवढं काही जमवून ठेवलं आहे. चालू डिस्क टेबलाच्या कडेपासून हातभर आत ठेवणं, एवढं तर मी करूच शकतो.