बर्फावरची ऊब, पिसांवाचून

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत थंडी पाहुणी म्हणूनच येते. पौषातील एखाद्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, कपाटाच्या वरच्या कप्प्यातील स्वेटर डांबरगोळ्यांच्या वासासह बाहेर निघतात आणि संक्रांत सरली की पुन्हा आत जातात. अशा घरांतील मंडळी हिवाळ्यात सहकुटुंब गुलमर्गला जाण्याचे ठरवतात, तेव्हा खरेदीचा हिशेब एकच असतो : जितके जाड, तितके उबदार. नुसते बर्फ पाहून परतायचे असेल तर हा हिशेब चालून जातो. परंतु मुलांच्या आग्रहाने क्रॉस कंट्री स्कीइंग करण्याचा बेत असेल, तर तो पुरता उलटतो. शिवाय जैन कुटुंबापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. दुकानदार सर्वांत उबदार म्हणून जे जाकीट पुढे करतो, ते पुष्कळदा बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांनी भरलेले असते.

वाळूज समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तर गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. दर हजार मीटर चढताना तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते. म्हणजे केवळ उंचीमुळेच तेरा-चौदा अंशांचा फरक पडतो. उत्तरेची थंडी आणि वारा वेगळाच. तरीही या खेळात गारठ्याइतकाच घामही त्रास देतो. डोंगरउतारावरून वेगाने घसरण्याचे स्कीइंग वेगळे आणि हे वेगळे. यात बुटाचा केवळ चवडा पट्टीला जोडलेला असतो, टाच मोकळी राहते आणि सपाट किंवा मंद चढउताराच्या बर्फावरून दोन काठ्यांच्या आधाराने सरकत चालायचे असते. हात, पाय, पाठ सगळेच राबतात. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतीय सैन्यातील जगदीश सिंग याच खेळातील १५ किलोमीटरच्या शर्यतीत उतरले होते. अशा शर्यतींतील खेळाडू ऐन बर्फात अंगाला चिकटणारा पातळ पोशाख घालून धावताना दिसतात, याचे कारण हेच. हौशी माणसालाही दहा-पंधरा मिनिटांत घाम फुटतो. मग तो थांबतो, फोटो काढतो आणि ओले अंग गारठू लागते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी अधिक वेगाने उष्णता वाहून नेते.

म्हणूनच आपल्या घरांत सर्वांत मानाचे असलेले सुती वस्त्र येथे उपयोगाचे नाही. कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यांना धाग्याची ओल धरण्याची शक्ती सांगावी लागत नाही : सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. सुती बनियन घामाने भिजले की दिवसभर भिजलेलेच राहते. जीनची पँट तर बर्फात भिजून ताठ होते. पूजेचे शुद्ध वस्त्र म्हणून सुताला असलेले स्थान अढळ आहे, पण बर्फावर निघताना ते बॅगेत राहिलेलेच बरे.

जाणकार तीन थरांचा पोशाख सुचवतात. अंगालगत घाम बाहेर ओढून घेणारे पातळ पॉलिएस्टरचे अंतर्वस्त्र, त्यावर फ्लीसचा सदरा आणि सर्वांत वर वारा अडवणारे, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देणारे हलके जाकीट. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. उभ्या उभ्याच छान ऊब वाटत असेल, तर एक थर जास्त झाला असे समजावे. चढावर गळ्याजवळची साखळी उघडावी, थांबताक्षणी लावावी. साधी गोष्ट, पण बहुतेक लोक घाम फुटल्यावरच तिच्याकडे वळतात.

आता पिसांचा प्रश्न. पिसे आणि लोकर जैन परंपरेला परकी नाहीत. दिगंबर मुनींची पिच्छी मोराच्या पिसांची असते आणि श्वेतांबर साधूंचा ओघा लोकरीचा. परंतु पिच्छीची पिसे मोराने आपसूक गाळलेली असतात. जाकिटातील मऊ पिसे कापलेल्या पक्ष्यांची, मांसाच्या धंद्याचे जोडउत्पादन म्हणून येतात. काही ठिकाणी ती जिवंत पक्ष्यांवरूनही ओरबाडली जातात. २०१४ पासून ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ नावाचे प्रमाणपत्र मिळते. ते जिवंतपणी पिसे उपटण्यास मनाई करते. कत्तल मात्र थांबवत नाही. ते चिन्ह पाहून निश्चिंत होणाऱ्या श्रावकाने एवढे जाणून असावे. चिठ्ठीवर ‘डाऊन’, ‘फेदर’ किंवा ‘फिल पॉवर’ हे शब्द दिसले, तर आत पिसे आहेत असे धरून चालावे.

सुदैवाने या खेळाला पिसांची गरजच नाही. चालणाऱ्या माणसाला पिसांचे जाकीट फार गरम होते आणि भिजले की पिसे चिकटून त्याची ऊब नाहीशी होते. कृत्रिम भरण ओले झाले तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. ‘प्रायमालॉफ्ट’ हे भरण अमेरिकी सैन्यासाठी, पिसांना पर्याय म्हणून, १९८० च्या दशकात तयार झाले ते याच कारणाने. फ्लीसची कथा तर व्यापारी घरांत आवर्जून सांगावी अशी आहे. मॅसॅच्युसेट्समधील माल्डन मिल्सने हे कापड बाजारात आणले. डिसेंबर १९९५ मध्ये गिरणी आगीत भस्मसात झाली, तेव्हा मालक आरन फॉयरस्टीन यांनी विम्याची रक्कम घेऊन निवृत्त होण्याऐवजी गिरणी पुन्हा उभारली आणि काम बंद असतानाही कामगारांचे पगार काही महिने चालू ठेवले. पुढे २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, हेही खरे. फ्लीस निर्दोष आहे असेही नाही. प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू सुटून पाण्यात जातात. तो वारंवार धुऊ नये आणि एक घेतलेला दहा वर्षे वापरावा.

लोकरीबाबत घराघरांत मतभेद आहेत. घ्यायचीच असेल तर मेंढीच्या पार्श्वभागाची कातडी कापण्याची ‘म्यूलसिंग’ची प्रथा टाळून मिळवलेली मेरिनो लोकर मागावी. रेशमी अंतर्वस्त्रेही थंडीसाठी विकली जातात. कोशातील किड्यांचे काय होते ते आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. हातमोजे मात्र फसवतात : वरून नायलॉन, तळव्याला बकऱ्याचे कातडे. टोपीच्या कडेची झुपकेदार झालर खऱ्या लोमाची असू शकते. तीही विचारून घ्यावी.

एकाच कुटुंबाला एकसारखे कपडे घेण्याची हौस येथे आवरावी लागते. आई-वडील सतत चालतात, त्यांना पातळ थर पुरतात. मुले चालतात कमी आणि बर्फात बसतात जास्त, त्यांना पाणी आत न येऊ देणारी पँट आणि हातमोज्यांचे दोन जोड हवेत. कडेला उभे राहून कौतुक पाहणाऱ्या आजी-आजोबांना मात्र कृत्रिम भरणाचे जाडजूड जाकीट घ्यावे. पैसा तेथे खर्च व्हावा. ताजे बर्फ सूर्याची अतिनील किरणे ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवते, म्हणून काळे चष्मे सर्वांना, तान्ह्यालासुद्धा. पायात दोन-दोन मोजे कोंबू नयेत. बूट आवळला की रक्त खेळत नाही आणि बोटे आधी गारठतात.

तंगमर्ग आणि गुलमर्गच्या दुकानांत लांब कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. ते बर्फात उभे राहण्यास ठीक, स्कीवर चालण्यास नव्हेत. बूट आणि पट्ट्या तेथेच भाड्याने घ्याव्यात, अंगालगतचे थर आणि मोजे घरून न्यावेत.

जानेवारीत तेथे सूर्य साडेपाच ते सहाच्या दरम्यान मावळतो, डोंगराआड तर त्याआधीच जातो. चौविहार पाळणाऱ्यांना त्यानंतर गरम पाण्याचा घोटही नाही. त्यांनी चारच्या सुमारास बर्फावरून परतून, अंग पुसून, जेवण उरकावे आणि प्रत्येकाचा एक पूर्ण कोरडा जोड, मोज्यांसह, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खास रात्रीसाठी वेगळा ठेवावा. तो जोड बर्फावर न्यायचा नाही, मुलांनी कितीही हट्ट धरला तरी.