करडा रंग येतो कोठून?

तलासरीहून डहाणूला शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने गेल्या पावसाळ्यात मला दोन फोटो दाखवले. एक तिच्या आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो; घरात त्यांचा तेवढा एकच. दुसरी त्याची इंकजेट छपाईयंत्रावर काढलेली प्रत. ती म्हणाली, "सर, घरात दिव्याखाली आजोबा हिरवट दिसतात आणि अंगणात नेले की जांभळट. असे का?"

विद्यार्थी मित्रांनो, या साध्या प्रश्नात बरेच पदार्थविज्ञान दडले आहे.

घरातल्या छपाईयंत्रात पांढरी शाई नसते. पांढरा रंग कागदाचाच. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र आठवा. रंग एकच, पांढरा. तरीही बारीक रेषा दाट असतील तेथे चित्र उजळ दिसते, विरळ असतील तेथे मंद. छपाईयंत्र हेच करते, पण उलट: पांढऱ्यावर काळे ठिपके.

हे ठिपके वेगवेगळे का दिसत नाहीत? समजा, शाईचा थेंब ४ पिकोलिटरचा आहे. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग! अशा थेंबाचा व्यास सुमारे ०.०२ मिलिमीटर भरतो. ३० सेंटिमीटरवरून आपला डोळा सुमारे ०.०९ मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे ओळखू शकत नाही. म्हणून काळे ठिपके आणि पांढरा कागद मिसळून करडा रंग 'दिसतो'. १६ घरांचा एक चौकोन घेतला, तर एकही घर न भरण्यापासून सगळी भरण्यापर्यंत १७ छटा मिळतात.

मग हिरवट झाक कोठून आली? पुष्कळ छपाईयंत्रे करडा रंग निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाया मिसळून तयार करतात. प्रत्येक शाई प्रकाशातील ठराविक तरंगलांबी शोषते. तिघींचा तोल एका प्रकाशात जुळला, तरी दिव्याच्या आणि सूर्याच्या प्रकाशातील घटक सारखे नसल्याने दुसऱ्या प्रकाशात तो ढळतो. काजळी, म्हणजेच कार्बन, मात्र सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच शोषते. तिचा करडा रंग थोडा तपकिरीकडे झुकेल, पण दिव्यागणिक फारसा बदलणार नाही.

म्हणून शाई निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, शाईतील रंग पाण्यात विरघळलेला आहे की त्याचे सूक्ष्म कण तरंगत आहेत? विरघळलेला रंग उजेडाने लवकर विटतो आणि दमट हवेत पसरू शकतो. समुद्रकाठच्या डहाणूत हे विसरून चालणार नाही. कार्बनचे कण टिकतात. काजळीच्या शाईने लिहिलेल्या जुन्या पोथ्या आजही वाचता येतात. दुसरी, काळ्याबरोबर फिकट करड्या शाया आहेत का? गालासारख्या उजळ भागात काळे ठिपके इतके विरळ पडतात की ते रवाळ दिसतात. तेथे फिकट शाईचे दाट ठिपके चेहरा मऊ दाखवतात.

आता सॉफ्टवेअर. कोठे कोणता थेंब टाकायचा, हे तेच ठरवते. शाई कागदात पसरते. त्यामुळे निम्मी घरे भरली, तरी निम्म्याहून अधिक काळोखी येते. ही वाढ प्रत्येक कागदावर वेगळी असते. 'क्वाडटोन रिप'सारखे सॉफ्टवेअर प्रत्येक शाईचे प्रमाण कागदानुसार ठरवू देते. ते नसेल, तर सेटिंगमध्ये 'फक्त काळी शाई' निवडून पाहावे.

तुम्हीही प्रयोग करा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापा आणि वाळू द्या. शेजारच्या दोन पायऱ्या एकच दिसल्या, तर त्या छटा हरवल्या असे समजा. मग भिंगातून ठिपके पाहा; रंगीत असतील, तर तुमचा करडा रंग मिश्रणाचा आहे.

आम्ही कार्बनची काळी शाई वापरून, अशीच पट्टी तपासून नवी प्रत काढली. भिंगातून गाल जरासे रवाळ दिसतात खरे. पण दिव्याखाली आणि अंगणात आजोबा आता सारखेच दिसतात. मूळ फोटो मात्र कोरड्या पाकिटात जपून ठेवायला सांगितला आहे.