मुद्दा नसलेलं अपील

कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाचं एक निकालपत्र वाचताना मी अडखळले. घरफोडीची शिक्षा, सरकारी खर्चाने दिलेला वकील, आणि त्या वकिलाच्या ब्रीफमध्ये मुद्दा एकही नाही. अशिलासाठी काहीच न मागणारा वकील करतो तरी काय, हे बघायला मी सॅक्रामेंटोत अशी कामं घेणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेले.

घराच्या मागच्या खोलीत त्या एकट्याच बसतात. समोर एका निकाली निघालेल्या खटल्याचे कागद होते, नाव झाकलेलं. साक्षी वाचत जायच्या आणि शंका येईल तिथे पिवळी चिठ्ठी लावायची. झडती कशी घेतली? चोरीच्याच इराद्याने तो आत शिरला हे शाबीत झालं का? न्यायाधीशांनी ज्यूरीला कायदा नीट समजावला का? मग एकेक चिठ्ठी तपासून काढून टाकायची. शेवटी कैदेतले दिवस. ते बाई कॅलेंडरवर पेन्सिल टेकवत मोजतात; अटकेचा दिवस धरायचा, शिक्षा सुनावल्याचाही धरायचा. राहत्या घरातल्या घरफोडीला २, ४ किंवा ६ वर्षं. त्या वेळी घरात कुणी असेल तर गुन्हा हिंसक ठरतो आणि चांगल्या वर्तणुकीची सूट आक्रसते. इथे दिवस बरोबर निघाले. चिठ्ठी एकही उरली नाही.

अशा वेळी ‘अपिलात दम नाही’ असं लिहून मोकळं होता येत नाही. चार्ली अँडर्स नावाच्या एका आरोपीच्या वकिलाने तेच केलं होतं. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालणार नाही म्हणून सांगितलं. कॅलिफोर्नियाने १९७९च्या वेंडी खटल्यात आपली रीत ठरवली: वकिलाने घडलेलं सगळं पानांच्या आकड्यांसह मांडायचं, अशिलाविरुद्ध अवाक्षर काढायचं नाही, आणि सगळे कागद तुम्हीच वाचा, अशी न्यायाधीशांना विनंती करायची. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ही रीत ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरली.

मग अशिलाला पत्र. ते लिहायलाच जीवावर येतं, असं त्या म्हणाल्या. सोबत कागदपत्रांची प्रत जाते. स्वतःचं म्हणणं मांडायला त्याला ३० दिवस मिळतात. कायदा शिकलेल्या माणसांना जे सापडलं नाही, ते कोठडीतल्या माणसाने ३० दिवसांत शोधायचं!

ज्याचे कागद समोर होते, त्या माणसाने न्यायालयाला पत्र पाठवलं होतं. न्यायालयात दाखल झालेलं, म्हणून मला बघता आलं. रेघी कागद, दाबून लिहिलेलं अक्षर. शेजारीण खोटं बोलली. माझ्या भावाला साक्षीला बोलावलंच नाही. यातलं काहीच अपिलात चालत नाही. साक्षीदार खरा की खोटा हे ज्यूरीने ठरवलेलं असतं, आणि न बोलावलेल्या भावाची जबानी कागदावर कुठून येणार? त्यासाठी हेबियस कॉर्पसचा वेगळा अर्ज, तोही बहुतेकदा ज्याचा त्यानेच लिहायचा.

‘‘मग हे ३० दिवस कशासाठी?’’

‘‘त्याचं म्हणणं निकालात यावं लागतं,’’ त्या म्हणाल्या. २००६च्या केली खटल्यापासून तसा दंडक आहे.

निकालपत्रात ते आलेलंही आहे. तीन न्यायाधीश. भाऊ एका वाक्यात, तो का चालत नाही हे पुढच्या वाक्यात. शिक्षा कायम. रीत चोख पाळलीय, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या माणसाला एवढं एकच सांगायचं होतं आणि ते ऐकायची सोय या दालनात पहिल्यापासूनच नव्हती, हे त्याला आधी कुणी सांगितलं होतं का, ते कागदात कुठे दिसलं नाही.