वसईच्या खाडीने शिकवलेला धडा

सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी बदलापूरच्या अंगाने वाहत कल्याणला येते आणि पुढे वसईच्या खाडीतून सागराला मिळते. बदलापूर हे नाव तेथे घोडी बदलली जात म्हणून पडले, असे लोक सांगतात. अंबरनाथला संरक्षण साहित्याचे कारखाने आहेत, तर उल्हासनगर हे शहर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींतच जन्माला आले. महासत्तांच्या राजकारणाचा विचार करण्यासाठी वॉशिंग्टन किंवा बीजिंगलाच गेले पाहिजे असे नाही. या नदीचा काठही त्यासाठी पुरेसा आहे.

शिकागो विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ जॉन मिअरशायमर यांनी २००१ साली ‘द ट्रॅजेडी ऑफ ग्रेट पॉवर पॉलिटिक्स’ या ग्रंथात ‘आक्रमक वास्तववादा’चा सिद्धान्त मांडला. त्याची मांडणी सरळ आहे. राष्ट्रांच्या वर दाद मागता येईल असे कोणतेही शासन नाही. प्रत्येक मोठ्या राष्ट्रापाशी इतरांना इजा करण्याइतके बळ असते. दुसऱ्याच्या मनात काय आहे, हे निश्चित कळण्याचा मार्ग नसतो. अशा जगात टिकून राहावयाचे, तर विवेकी राष्ट्राला इतरांहून बलाढ्य होण्यावाचून आणि आपल्या प्रदेशात कोणी प्रतिस्पर्धी उरू न देण्यावाचून गत्यंतर नसते. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ साली राष्ट्रे पुरेशा सामर्थ्यावर समाधान मानतात, असे म्हटले होते. मिअरशायमर यांच्या मते ‘पुरेसे’ किती, हेच कोणाला ठरवता येत नाही. राष्ट्रे आक्रमक होतात ती दुष्टपणापायी नव्हे, तर भयापोटी, आणि शोकान्तिका म्हणतात ती हीच.

अठराव्या शतकातील हिंदुस्थान या सिद्धान्ताचे चपखल उदाहरण ठरावे. १७०७ साली औरंगजेबाचा मृत्यू झाल्यानंतर दिल्लीची हुकमत नावापुरती उरली आणि सर्वांवर अंकुश ठेवणारे कोणी राहिले नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. किनाऱ्यावर परकी आरमारी सत्ता नांदू देणे पुण्याला धोक्याचे वाटणे स्वाभाविक होते. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. हा विस्तार पाहून धास्तावलेले नजीबखान रोहिला आणि अयोध्येचा शुजाउद्दौला अब्दालीस मिळाले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत घडले. एकाचे वाढते बळ इतरांना एकत्र आणते, हे सूत्र तेथे रक्ताने लिहिले गेले.

परंतु सिद्धान्ताच्या मर्यादाही याच इतिहासात दिसतात. १७९० ते १७९२ या काळात मराठे व निजाम इंग्रजांच्या बाजूने टिपूविरुद्ध लढले. १७९९ साली श्रीरंगपट्टणात टिपू पडला आणि अवघ्या तीन वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने त्याच वसईत तैनाती फौजेचा तह स्वीकारला. सहा पलटणींच्या खर्चासाठी २६ लाख रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला गेला. त्याला वसईस आणले ते कोणा परक्या शत्रूने नव्हे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला होता.

मिअरशायमर लोकसंख्या आणि संपत्ती यांना सामर्थ्याचा पाया मानतात, हे खरे. तथापि राष्ट्र म्हणजे एकच मन, एकच तिजोरी आणि एकच निर्णय, हे त्यांचे गृहीत आहे. मराठेशाहीजवळ मुलूख होता, शूर सरदार होते, तोफाही होत्या. उणीव होती ती सरदारांच्या परस्पर विश्वासाची आणि वेळेवर पगार देऊ शकणाऱ्या खजिन्याची. इंग्रजांनी नेमके हेच दोन्ही सांभाळले. बाहेरच्या शत्रूंची मोजदाद अचूक असूनही आतून पोखरलेली सत्ता ढासळते, याचे उत्तर हा सिद्धान्त देत नाही.

दुसरी उणीव उल्हासनगर दाखवते. १९४७ च्या फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित कल्याणच्या छावणीत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची पायाभरणी करून तिला उल्हासनगर हे नाव दिले. दोन राष्ट्रे अस्तित्वात आली आणि टिकलीही. सिद्धान्ताच्या हिशेबी ते पुरेसे आहे. मात्र घर, शेत आणि पेढी सीमेपलीकडे सोडून जो बराकीत उतरला, त्याला त्या हिशेबात रकानाच नाही. राष्ट्राचे टिकणे आणि माणसांचे टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या माणसांनी पुढे बराकींच्या वस्तीतून कारखाने आणि बाजारपेठा उभ्या केल्या, त्या बव्हंशी स्वतःच्या कष्टाने.

२०२० साली गलवानमध्ये वीस भारतीय जवान हुतात्मा झाले, तेव्हापासून चीनच्या संदर्भात हा सिद्धान्त भारतातही वारंवार उद्धृत होतो. शेजाऱ्याच्या गोड शब्दांवर विसंबण्यापेक्षा त्याच्या फौजा, रस्ते आणि तोफा मोजाव्यात, हा त्यातील इशारा शिरोधार्य मानलाच पाहिजे. तो मानताना अंबरनाथसारख्या ठिकाणच्या कारखान्यांवरील खर्चही करावा लागेल. मात्र संघर्ष अटळच आहे, हा त्यातील नियतिवाद धोरण म्हणून स्वीकारता येणार नाही. कारण सामर्थ्याच्या जमाखर्चात तोफांइतकेच कर्ज, राज्याराज्यांतील सलोखा आणि सीमेवरच्या माणसाचे घर यांनाही स्थान द्यावे लागते. ते न दिल्याने काय होते, हे १८०२ साली वसईने दाखवून दिले आहे.