विश्लेषण : कूलंट संपते, सायलेन्सरमधून पांढरा धूर, जुन्या गाडीचे हेड गॅस्केट गेले आहे, हे कसे ओळखायचे?

गाडी दहा-पंधरा वर्षांची आहे. सकाळी सुरू केली की मागून पांढरा धूर निघतो आणि कूलंटच्या टाकीत दर आठवड्याला थोडी भर घालावी लागते. या दोन तक्रारी एकमेकींशी संबंधित नसतील, तर काम एखाद्या क्लिपवर किंवा होज पाइपवर भागते. दोन्हींचे मूळ एकच असेल, तर इंजिनाचे हेड उतरवावे लागते आणि बिलाचा आकडा जुन्या गाडीच्या बाजारभावाशी तुलना करण्याइतका होतो. म्हणून ‘गॅस्केट गेले’ हे ऐकून लगेच होकार देण्याआधी काही गोष्टी तपासून घेतलेल्या बऱ्या.

प्रत्येक पांढरा धूर धोक्याचा असतो का?

नाही. पेट्रोल जळताना त्यातील हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर पाणी तयार होते आणि ते वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते. सायलेन्सर थंड असेल तर या वाफेचे आतच पाणी होते, थेंब गळतात आणि थंडीच्या दिवसांत पांढरे लोट दिसतात. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हे प्रमाण आणखी जास्त, कारण मिथेनमध्ये हायड्रोजनचा वाटा मोठा असतो. डिसेंबरमध्ये नाशिक किंवा नागपूरच्या सकाळी हे दृश्य सर्रास दिसते. पाच-दहा मिनिटांत, सायलेन्सर तापल्यावर, ते थांबते.

काळजीचा धूर थांबत नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, भर मे महिन्याच्या दुपारीही तो येत राहतो, दाट असतो आणि त्याला गोडसर वास असतो. हा गोडवा कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉलचा. (वास घेण्यासाठी सायलेन्सरजवळ नाक नेऊ नये, बंद पार्किंगमध्ये तर मुळीच नाही, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो.) निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, काळा असेल तर इंधन जास्त जाते आहे. डिझेल गाडीत मात्र पांढऱ्या धुराचा अर्थ वेगळाही असू शकतो. न जळलेले डिझेलही पांढरे दिसते, पण ते डोळ्यांना झोंबते, आणि दोष बहुधा इंजेक्टर किंवा ग्लो प्लगमध्ये निघतो. अशा गाडीत कूलंटची पातळी मात्र जागची हलत नाही. शेवटी निकाल देते ती पातळी, धुराचा रंग नव्हे.

कूलंट सिलिंडरमध्ये शिरते कसे?

त्या पिढीच्या अनेक इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. दोघांच्या मधले गॅस्केट हा फरक वर्षानुवर्षे सोसते. पण गाडी एकदा जरी जबरदस्त तापली, तरी हेड वाकते. हे वाकणे डोळ्यांना दिसत नाही. लहान इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. तेवढ्या फटीतून पुढचा खेळ सुरू होतो.

इंजिन चालू असताना सिलिंडरमधील दाब कूलंटच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. कॉम्प्रेशनच १० ते १२ बारचे, स्फोटाच्या क्षणी त्याच्याही तीन-चार पट. उलट कूलंटचा दाब रेडिएटरच्या झाकणामुळे साधारण एक बारवर अडवलेला. त्यामुळे गाडी चालू असताना जळालेला वायू कूलंटमध्ये घुसतो, बुडबुडे येतात, टाकीतून पाणी उडते. गाडी बंद केली की पारडे फिरते. सिलिंडरमधील दाब शून्यावर येतो, कूलंट मात्र अजून गरम आणि दाबाखाली असते. ते हळूहळू सिलिंडरमध्ये झिरपते. रात्रभर साचलेले हे पाणी सकाळी पहिल्या स्टार्टला जळते. म्हणून सकाळी गाडी मिसिंग मारते, धूर सोडते आणि दोन किलोमीटरनंतर काहीच झाले नाही अशी चालू लागते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत लक्षण गायब झालेले असते, ते यामुळेच. पाणी जास्त साचले तर गोष्ट धुरावर थांबत नाही. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

गॅस्केट दुसऱ्या बाजूने फुटले, तर कूलंट ऑइलमध्ये जाते किंवा थेट ब्लॉकच्या बाहेर गळते. म्हणजे धूर नसतानाही गॅस्केट गेलेले असू शकते.

घरी काय पाहता येते?

सर्वात आधी गाडी पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळीच, कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारावी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. आठवड्याने पुन्हा पाहावे. ‘पाणी कमी होते’ यापेक्षा ‘३०० किलोमीटरमध्ये एवढे कमी झाले’ हे मेकॅनिकच्या जास्त कामाचे. ज्या गाडीत रेडिएटरला वेगळे झाकण आहे, तिथे टाकीवर विसंबून राहू नये. झाकणातील व्हॉल्व्ह बिघडला की थंड होताना पाणी परत ओढले जात नाही. टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. थंड गाडीचे झाकण उघडून आत बघावे. गरम गाडीचे कधीही नाही.

मग बाहेरची गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवावा. एसीचे पाणी स्वच्छ असते, कूलंटचा डाग रंगीत आणि बोटांना बुळबुळीत लागतो. होजच्या टोकांना, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला पडलेल्या चिरेपाशी, वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्रापाशी वाळलेले हिरवट-पांढरे चट्टे शोधावेत. पंपाचे ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते; आतील सील गेले की तिथून थेंब येतात. डॅशबोर्डखालचा हीटर गळत असेल तर पायाखालचे कार्पेट ओले होते आणि काचेवर आतून चिकट धुके धरते. पावसाळ्यात याकडे सहज दुर्लक्ष होते.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की अनेक जण घाबरतात. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत, विशेषतः दमट हवेत, ती नुसत्या ओलाव्यानेही जमते. डिपस्टिकवरचे ऑइलच चहासारखे झाले असेल, तर मात्र गाडी तिथेच बंद ठेवावी.

गॅरेजमध्ये कोणती चाचणी मागावी?

हेड उतरवण्याआधी दोन चाचण्यांचा आग्रह धरायला हरकत नाही. पहिली प्रेशर टेस्ट. थंड इंजिनाच्या रेडिएटरवर हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यायचा आणि काटा पाहायचा. काटा उतरला आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर पाणी आत जाते आहे. दाब तसाच ठेवून स्पार्क प्लग काढले आणि इंजिन फिरवले, तर दोषी सिलिंडरमधून तुषार उडतात. त्या सिलिंडरचा प्लगही बोलका असतो. बाकीचे तपकिरी, हा मात्र धुऊन काढल्यासारखा स्वच्छ, कारण वाफेने तो रोज धुतला जातो.

दुसरी ब्लॉक टेस्ट. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून इंजिन चालू ठेवतात. कूलंटमध्ये जळालेला वायू येत असेल तर त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळा पडतो. आधी थोडे कूलंट काढून पातळी खाली घ्यावी लागते. नळीत कूलंट ओढले गेले तर चाचणी वाया जाते. कॉम्प्रेशन टेस्टही उपयोगी, पण एकटीवर भरवसा नको. बारीक गळतीत आकडे ठीक येतात.

आणि पीयूसी? पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, वाफ नाही. गॅस्केट गेलेली गाडीही पीयूसीत पास होऊ शकते.

घाटात काटा वर चढला तर?

गाडी बाजूला घ्यावी, एसी बंद करावा. जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण सोडावा. तो छोट्या रेडिएटरचे काम करतो. थांबल्यावर झाकणाला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जाण्याचा तो हमखास मार्ग. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. कूलंट सेन्सरच्या खाली उतरले की काटा उलट खाली येऊ शकतो. तापलेली गाडी अचानक ‘नॉर्मल’ झाली, तर तो दिलासा समजू नये.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा आणि बोअरचे पाणी भरण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. दोन्ही चुकीचे आहेत. बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात. शिवाय साधे पाणी महाबळेश्वरच्या उंचीवर ९५ अंशांच्या आसपासच उकळते. निम्मे ग्लायकॉल घातलेले मिश्रण समुद्रसपाटीला १०६ अंशांपर्यंत तग धरते आणि झाकणाचा दाब ही मर्यादा आणखी वर नेतो. ‘लीक स्टॉप’ची बाटली फार तर गाव गाठून देते, पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्या तीच बुजवते.

हेड उघडायचे ठरले, तर नुसते गॅस्केट बदलून भागत नाही. हेडचे फेसिंग, तडा आहे का याची प्रेशर तपासणी आणि कंपनीने सांगितले असल्यास नवे बोल्ट, हे सगळे त्याच कामात येते. गाडी का तापली, म्हणजे पंप, पंखा की तुंबलेला रेडिएटर, हे शोधले नाही तर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाते. पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या गाडीला पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्चही समोर असतो. दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून मगच निर्णय घ्यावा. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर सकाळी, इंजिन थंड असतानाच बघायला जावे. विक्रेत्याने आधीच ‘जरा फिरवून आणली’ असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

काढलेले कूलंट गटारात किंवा झाडांत ओतू नये, उघड्या बादलीतही ठेवू नये. ते गोड लागते आणि विषारी असते. गाडीखाली झोपणारी कुत्री ते चाटतात; लहान मुलांनाही तोच धोका. सांडले असेल तर कापडाने टिपून जागा भरपूर पाण्याने धुवावी, आणि उरलेले झाकणबंद डब्यात गॅरेजकडे परत द्यावे.