वळण लावणारी शाळा

मराठीतला 'वळण' हा शब्द मोठा कष्टाळू आहे. अक्षराला वळण असते, मुलांना वळण लावावे लागते, गोष्ट वेगळे वळण घेते आणि रस्त्यालाही वळण असतेच. अक्षराच्या वळणासाठी आमच्या पिढीने कित्ते गिरवले, वागण्याच्या वळणासाठी वडीलधाऱ्यांचे धपाटे खाल्ले. रस्त्याचे वळण कसे घ्यावे, हे मात्र कोणी शिकवले नाही. आधी सायकल आली, मग लुना, मग स्कूटर, मग मोटरसायकल. 'गाडी येते' म्हणजे वळताही येते, असे आपण घरोघर गृहीत धरून बसलो.

आणि हे कुठे? तर पिंपरी-चिंचवडमध्ये! आकुर्डीच्या बजाजने दोन पिढ्यांना स्कूटरवर बसवले. १९९९ मध्ये त्यांचा चाकणचा कारखाना सुरू झाला आणि २००१ मध्ये पल्सर आली. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत बजाजने २००७ मध्ये भागीदारी घेतली आणि २०१२ पासून चाकणची ड्यूक आपल्या रस्त्यांवर धावू लागली. २०२३ मध्ये ट्रायम्फ या जुन्या इंग्रजी नावाची मोटरसायकलही चाकणमधून बाहेर पडली. चिंचवडच्या महिंद्र टू-व्हीलर्सचे नाव तर जागतिक शर्यतींपर्यंत पोहोचले. २०१६ मध्ये हॉलंडमधल्या आसेनच्या ट्रॅकवर फ्रान्सेस्को बान्याया या इटालियन मुलाने महिंद्रच्या मोटरसायकलवर मोटोथ्री गटाची शर्यत जिंकली. पुढे हाच मुलगा मोटोजीपीचा जगज्जेता झाला.

मी बँकेत होतो. या पट्ट्यातल्या शाखांमध्ये माझी बरीच वर्षे वाहनकर्जाच्या टेबलावर गेली. दसरा-पाडव्याच्या आधी आमच्याकडे रांग लागे. आयटीआय झालेली, नुकतीच कायम झालेली मुले कंपनीच्या गणवेशातच येत. पगाराची चिठ्ठी, जामीनदार, कोटेशन. आम्ही सगळे तपासत असू. हप्ता झेपेल का, हे विचारत असू. गाडी झेपेल का, हा रकाना आमच्या अर्जात नव्हता.

एक प्रकरण विसरता येत नाही. मुलगा सत्तावीस वर्षांचा. नऊ वर्षे गाडी चालवत होता. रविवारी मित्रांबरोबर गेला आणि घाटातल्या एका उजव्या वळणावर रस्त्याबाहेर गेला. समोर वाहन नव्हते, रस्ता कोरडा होता, डोक्याला हेल्मेट होते. महिनाभराने त्याचे वडील उरलेले कर्ज फेडायला आले. मी आधी विम्याचे बघू म्हणालो, पण त्यांनी ऐकले नाही. मुलाच्या नावावर बाकी राहू नये, एवढेच त्यांच्या मनात होते. पावती घडी करून खिशात ठेवताना ते म्हणाले, "साहेब, त्याला गाडी चांगली येत होती हो."

हे वाक्य नंतर मी अनेक घरांत ऐकले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणजे जवळजवळ पाऊण लाख. यांतले सगळेच वळणावर गेले असे नाही, आणि सगळ्यांचा स्वतःचा दोष होता असेही नाही. पण 'चांगली येत होती' म्हणजे नेमके काय येत होते, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने याचा कसून शोध घेतला. लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या मोटरसायकलींच्या नऊशे अपघातांच्या जागी त्याची माणसे गेली. १९८१ मध्ये अहवाल आला. दुसरे वाहन नसताना घडलेल्या अपघातांत मुख्यतः दोन चुका दिसल्या. ब्रेक जास्त दाबून घसरणे आणि वळणावर वेग जास्त झाल्याने किंवा गाडी पुरेशी न झुकवल्याने बाहेर जाणे. त्या चालकांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. आपल्याकडे हा हिशेब मांडला तर काय निघेल, ते वाचकांनीच आपापल्या घरात विचारून पाहावे. लायसन्सच्या परीक्षेत आपण पाय न टेकता आठचा आकडा काढतो. तो निघतो चालण्याच्या वेगाने. साठच्या वेगाने वळणे ही निराळीच विद्या आहे.

ही विद्या शिकवणाऱ्या शाळा असतात, हे मला माझ्या पुतण्यामुळे कळले. तो चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. वय बेचाळीस, गाडी चालवण्याचा अनुभव चोवीस वर्षांचा. लडाख करून आलेला. तो एके दिवशी म्हणाला, "काका, मी चेन्नईला चाललोय, गाडी शिकायला." मी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. कादंबरी लिहिणाऱ्याला असे वाक्य ऐकून घरी बसवत नाही. मीही त्याच्याबरोबर गेलो.

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला इरुंगाट्टुकोट्टई येथे १९९० मध्ये शर्यतींचा ट्रॅक सुरू झाला. सुमारे ३.७ किलोमीटर लांब, त्यात बारा वळणे. कोईमतूरला कारी स्पीडवे आहे, दिल्लीजवळ ग्रेटर नोइडाला २०११ मध्ये झालेले बुद्ध सर्किट आहे. आपल्याकडचे चालक बहुधा चेन्नई नाहीतर कोईमतूर गाठतात. कीथ कोड या अमेरिकन प्रशिक्षकाने १९८० मध्ये काढलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलची शिबिरेही चेन्नईच्या ट्रॅकवर झाली आहेत.

आम्ही गेलो त्या शिबिरात विशीतली पोरे थोडी आणि चाळिशीचे संसारी लोक जास्त होते. डॉक्टर होते, एक शाळामास्तर होते. सकाळी गाड्यांची तपासणी झाली. हेडलाइटवर चिकटपट्ट्या लागल्या, आरसेही झाकले गेले. मागे कोण येतो ते बघायचे नाही, फक्त पुढे बघायचे. चामड्याचा जाड पोशाख घातलेले हे प्रौढ विद्यार्थी वर्गात बाकांवर बसले आणि फळ्यावर वळणाची आकृती निघाली. आधी वर्ग, मग त्या एकाच धड्याची ट्रॅकवर उजळणी, मग प्रशिक्षकाशी बोलणे आणि पुन्हा वर्ग. दिवसभर हेच चालले.

पहिल्याच फेरीत ब्रेक वापरायला बंदी होती. मला वाटले, हा तर आत्मघात! पण कारण समजल्यावर पटले. ब्रेक नाही म्हटल्यावर माणूस वळणाच्या आधीच वेग बेताचा ठेवतो आणि त्याचे लक्ष फक्त वळण्यावर राहते.

दुसरा धडा हँडलचा. डावीकडे वळायचे असेल तर डावे हँडल पुढे ढकलायचे. वाचायला उलटे वाटते, पण वेगात असलेली दुचाकी अशीच वळते. पुढचे चाक क्षणभर उजवीकडे जाते, गाडी डावीकडे झुकते आणि मग वळते. विमान बनवणारे राइट बंधू मुळात सायकलींचे दुकानदार. त्यांच्यातल्या विल्बरने ही गोष्ट शंभरेक वर्षांपूर्वीच हेरली होती. आपण सगळे नकळत हेच करत असतो. पण नकळत येणारी गोष्ट घाबरल्यावर हात सोडते, जाणून केलेली सहसा सोडत नाही.

तिसरा धडा नजरेचा. समोर खड्डा दिसला आणि नेमके त्याच खड्ड्यात चाक गेले, हा अनुभव कोणाला नाही? नजर जिथे, गाडी तिथे. वळणाच्या आत शिरण्यापूर्वीच वळण संपते तिकडे बघायचे. दरीकडे नाही, कठड्याकडे नाही.

चौथा धडा रेसचा. वळणात भीती वाटली की हात आपोआप रेस सोडतो. मग सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी वळणाच्या बाहेर सरकू लागते. म्हणून आत शिरताना वेग कमी हवा आणि गाडी झुकल्यावर रेस हलकेच, एकसारखी वाढवत न्यायची.

दुपारी प्रशिक्षकाने पुतण्याला मागून घेतलेले चित्रीकरण दाखवले. "तुम्ही एका वळणात तीनदा वळता," तो शांतपणे म्हणाला. खरेच, प्रत्येक वळणात तो हँडल देत होता, बिचकत होता, सावरत होता. लवकर वळायचा आणि मग बाहेर फेकला जायचा. चोवीस वर्षांत हे त्याला कोणी सांगितले नव्हते, कारण मागून येऊन बघणारे कोणी नव्हते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर अनुभवावर चक्रवाढ व्याज आपोआप मिळत नाही. चूक दाखवणारा भेटला तरच मिळते, नाहीतर चुकीचीच बाकी वाढत जाते.

थोडा हिशेब मांडू. तीस मीटर त्रिज्येचे वळण घ्या. आपल्या घाटात अशी पुष्कळ आहेत. ताशी चाळीसच्या वेगाने ते घेताना गाडी सुमारे २३ अंश झुकावी लागते. पन्नासला ३३ अंश आणि साठला ४३ अंश. वेग दीडपट झाला, झुकणे जवळजवळ दुप्पट. आता टायरची पकड म्हणजे खात्यातली शिल्लक समजा. झुकण्यासाठी त्यातूनच पैसे काढायचे आणि ब्रेकसाठीही त्यातूनच. ४३ अंशांवर खाते बहुतेक रिकामे झालेले असते. त्याच क्षणी समोर खडी दिसली आणि ब्रेक दाबला, तर रस्ता ओव्हरड्राफ्ट देत नाही. खडी, सांडलेले डिझेल किंवा पहिला पाऊस असेल तर मूळ शिल्लकच थोडी असते. नव्या गाड्यांतले एबीएस मदत करते, पण तेही रिकाम्या खात्यात भर घालू शकत नाही.

परत आल्यावर आमच्या वहिनींनी रोखठोक प्रश्न विचारला, "भाऊजी, हे शिकून हा आणखी जोरात चालवणार नाही कशावरून?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नॉर्वेत १९७९ पासून नव्या मोटारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण देऊ लागले. १९८८ मध्ये त्याची तपासणी झाली, तेव्हा तरुण मुलांचे निसरड्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. सावरता येते, या विश्वासाने मुले अधिक धीट झाली होती. कौशल्याबरोबर धाडसही वाढले तर फायदा धुऊन जातो, असा याचा अर्थ. शिवाय ट्रॅक म्हणजे रस्ता नव्हे. ट्रॅकवर समोरून एसटी येत नाही, गुरे बसलेली नसतात, पाण्याच्या टँकरने ओले केलेले वळण नसते. ट्रॅकवर वळण घेताना पूर्ण रुंदी आपली असते. माळशेज किंवा ताम्हिणीत आपल्याला आपलीच अर्धी बाजू मिळते, आणि समोरचा तिच्यातही घुसण्याची शक्यता धरूनच चालावे लागते.

मग शिकायचे कशाला? मी पुतण्याला हेच विचारले. तो म्हणाला, "काका, ट्रॅकवर मला पहिल्यांदा कळलं, की मी घाटात किती काठावरून जात होतो." हे उत्तर मला मोलाचे वाटते. आपली मर्यादा कुठे आहे, हे सुरक्षित जागी एकदा पाहून आलेला माणूस तिच्यापासून दूर राहू शकतो. ज्याने ती पाहिलीच नाही, त्याला ती घाटात दिसते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. अर्थात हे उत्तर बेचाळिशीचे आहे. विशीतल्या मुलाला तेच शिक्षण देताना नॉर्वेचा धडा आधी सांगावा लागेल. शिकवणाऱ्याने 'किती वेगाने जाता येते' यापेक्षा 'किती राखून ठेवावे' हे शिकवायला हवे.

आता आपल्या दाराशी काय आहे ते पाहू. बजाजच्या चाकणच्या आवारात चाचणीचा ट्रॅक आहे. मावळात नाणोलीला खासगी ट्रॅक झाला आहे. भोसरीला नाशिक फाट्याजवळ केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था म्हणजे सीआयआरटी आहे. ज्ञान आहे, यंत्रे आहेत, माणसे आहेत. पण रोज मोशी, आळंदी फाटा ओलांडून पहिल्या पाळीला जाणाऱ्या सामान्य कामगाराला हे चार धडे देणारी जागा त्याला सहज परवडेल अशी हवी. त्यासाठी शर्यतीचा ट्रॅक लागत नाही. रविवारी रिकामे पडलेले कंपनीचे पार्किंग, खडूने आखलेली दोन वळणे, तीस-चाळीसचा वेग आणि मागून बघणारा एक जाणकार एवढ्यावर सुरुवात होते. कारखान्यात यंत्राला हात लावण्याआधी सुरक्षेचे प्रशिक्षण सक्तीचे असते. मग कारखान्यापर्यंत येण्याच्या यंत्राला ते का नसावे?

पुतण्याची एक खूण सांगतो. पूर्वी त्याच्या मागे बसले की वळणावर माझा हात त्याच्या खांद्यावर घट्ट होत असे. परवा आम्ही भीमाशंकरला गेलो. प्रत्येक वळणाआधी वेग उतरत होता, मग गाडी एकदाच झुकत होती आणि तशीच अलगद बाहेर पडत होती. वाटेत दोन पोरे आम्हाला मागे टाकून गेली. तो काही बोलला नाही आणि त्याने रेसही वाढवली नाही.

दसऱ्याला घरी नवी गाडी येईल तेव्हा हार घाला, पेढे वाटा, चाकाखाली लिंबूही ठेवा. पण गाडीच्या किमतीत हेल्मेट धरता, तसा शिकण्याचा एक दिवसही धरा. गाडी चालवायला लागून वीस वर्षे झाली असतील, तरीही.