वही पूजली, घराचा हिशेब राहिला

भंडारा जिल्ह्यातील सिहोरा हा धानाचा परिसर. अशा गावांतील व्यापारी घरांत उधारी-वसुलीची नोंद चोख असते. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, दिवाळीला, नवी वही श्रद्धेने पूजली जाते. परंतु ठेवी कोठे, विमा किती, येणे कोणाकडून, देणे कोणाचे, हा घराचा हिशेब बहुधा कर्त्या पुरुषाच्या स्मरणातच राहतो. तो अकस्मात गेला की शोकाबरोबरच शोधही सुरू होतो.

दुकान एकट्याच्या नावावर असल्यास त्याच्या निधनानंतर चालू खात्यातील व्यवहार थांबतात. जीएसटी नोंदणीही त्या व्यक्तीचीच असल्याने वारसास नवी घ्यावी लागते. गोदामात माल असूनही हात बांधले जातात. घरखर्चाची रक्कम पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या अटीवर ठेवली, तर निदान चूल अडत नाही.

नामनिर्देशित व्यक्ती म्हणजेच मालक, हा दुसरा गैरसमज. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये निवर्तले. त्यांच्या गुंतवणुकीवरून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, समभागांच्या बाबतीतही नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. ती मृत्युपत्रानुसार वा वारसा कायद्यानुसारच ठरते. बँक ठेवींनाही हेच तत्त्व लागू आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. तरीही मृत्युपत्राची गरज संपत नाही.

जैन कुटुंबांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष निवर्तल्यास त्याच्या मिळकतीत आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांचा समान वाटा असतो. विवाहित मुलगीही त्यास अपवाद नाही. मृत्युपत्रास दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. नोंदणी मात्र सक्तीची नाही. विवाह, अपत्यजन्म, भावांची वाटणी, दुकानातून निवृत्ती अशा प्रत्येक वळणावर मृत्युपत्र आणि नामनिर्देशन पुन्हा पाहावे.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात संग्रहाला मर्यादा घालायची असते. मर्यादा घालण्यापूर्वी मोजणी करावी लागते. या दिवाळीला दुकानाच्या वहीशेजारी घराचीही एक वही ठेवावी आणि तिचे पहिले पान पत्नीसमवेत बसून लिहावे.